सिग्नलच्या काड्या भरलेल्या असताना कॉल का तुटतो?

वर एकांनी लिहिलंय की चाळीसगावहून कन्नड घाट चढताना कॉल तुटतो, कारण टॉवर कमी. तसंही असेल, पण काड्या भरलेल्या असताना तुटत असेल तर आधी शेजारी सेलची यादी तपासा (सेल म्हणजे टॉवरवरच्या एका अँटेनाचा टापू). यादीत नसलेल्या सेलकडे नेटवर्क कॉल सोपवतच नाही, सिग्नल कितीही चांगला असो.

टूजीत ही यादी इंजिनिअर हाताने भरायचे. फोरजीत एएनआर आलं, म्हणजे ही यादी आपोआप भरणारी सोय. फोनला अनोळखी सेल दिसला की तो त्याचा पीसीआय, म्हणजे सेलचा छोटा ओळख नंबर, कळवतो. पण पीसीआय आहेत फक्त ५०४, तेच नंबर फिरून फिरून वापरावे लागतात. म्हणून बेस स्टेशन (टॉवरवरचं यंत्र) त्याच फोनला त्या सेलचा जागतिक ओळख क्रमांक वाचायला सांगतं. तो मिळाला की यादीत नोंद होते आणि दोन स्टेशनांत एक्स-टू दुवा, म्हणजे कॉल थेट एकमेकांकडे सोपवायची वाट, जुळतो. हे वाचायला फोनला मधे थोडी उसंत लागते. चालू कॉलवर, धावत्या गाडीत ती दरवेळी मिळत नाही.

घाटात खरी गोम वेगळीच आहे. माथ्यावरचा सेल खाली सपाटीवर लांबपर्यंत दिसतो आणि एएनआर त्यालाही शेजारी करून घेतं. त्याचाच पीसीआय जवळच्या दुसऱ्या सेलला असेल तर कॉल भलतीकडे जातो. अशा नोंदीवर 'हँडओव्हर नको' (इकडे कॉल सोपवू नका) अशी खूण करता येते, आणि माझ्या मते घाटाच्या सेलसाठी ती इंजिनिअरने स्वतः बघून करावी. तोरणमाळकडे उलट अडचण: फोनच कमी, त्यामुळे यादी भरायलाच वेळ लागतो.