साडेचार महिन्यांच्या लेकराला शेगावला न्यायचं आहे. बॅग कोणती घेऊ, जाऊ कसं? (बजेट १२००)

तुरीचं_शेत
नमस्कार मंडळी. आमचं गाव दारव्हा तालुक्यात, फाट्यापासून बरंच आत. मुलगी साडेचार महिन्यांची झाली. दवाखाना आणि अंगणवाडी सोडून ती अजून कुठं गेली नाही. बाहेर निघालं की सुईच टोचतात असं तिला वाटत असावं, टोपरं हातात घेतलं की भोकाड पसरते. सासूबाईंच्या मनात आहे की पहिलं दर्शन शेगावचं व्हावं.
प्रश्न दोन. छातीशी बांधायची बॅग (बेबी कॅरिअर) कोणती घेऊ? बजेट १२००, त्याच्यावर रुपया नाही, कापूस अजून घरातच पडून आहे. दुसरा, जायचं कसं? हे म्हणतात मूर्तिजापूरपर्यंत मोटारसायकलनं जाऊ, तिथून रेल्वे. मला एसटी बरी वाटते. बाबागाडी सुचवू नका, आमच्या गल्लीतून बंडीच कशीबशी निघते.

पुण्यातला_वऱ्हाडी
आम्ही साडेनऊ हजाराचं घेतलं. कमरेला रुंद पट्टा, खांद्याला गादी, उन्हासाठी टोपी, सगळं त्यातच. मुलगा आता तीन वर्षांचा आहे, अजून बसतो. लेकराच्या बाबतीत पैशाकडे बघू नये.

तुरीचं_शेत
दादा, बजेट १२०० आहे.

पुण्यातला_वऱ्हाडी
हो, वाचलं. १२०० मध्ये चांगलं मिळणारच नाही म्हणून सांगितलं.

वरुडची_संत्री
ताई, बाबागाडीच घ्या. आमच्याकडं दुमडणारी आहे, लाल रंगाची. नागपूरला नेली तर चार बायांनी विचारलं कुठून घेतली. कॅरिअरमध्ये आईची पाठ जाते, मग म्हणू नका सांगितलं नव्हतं.

कास्तकार_मनोऱ्याचा
वरुडवाल्या ताई, त्या गल्लीतून बंडी निघत नाही म्हणून लिवलं हाय वर. वाचत जा थोडं. शेगावले जाऊन काय करता एवढ्या लेकराले घेऊन? आमच्या पोहरादेवीले या. तुमाले दारव्ह्याहून जवळ पडते. माह्या पोराचं जाऊळ तठीच काढलं.

माहेर_कारंजा
जवळ तर कारंजाही आहे. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, गुरुमंदिरात शांत असतं. दर्शन घेऊन दुपारी घरी. मी माझ्या दोन्ही मुलांना पहिल्यांदा तिथंच नेलं.

एक_जण_पुसदचा
माहूर का नाही म्हणत कोणी? रेणुकामाता आपलीच.

कास्तकार_मनोऱ्याचा
माहूर नांदेड जिल्ह्यात हाय भाऊ. आन् पायऱ्या तुम्ही चढजा लेकरू घेऊन, आम्ही खाली चहा घेतो.

एक_जण_पुसदचा
जिल्हा कोणताही असो, माय कुठं जिल्हा पाहते. आमच्या घरचं पहिलं दर्शन तिचंच असते.

आशाताई_दिग्रस
मी आशा कार्यकर्ती आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.
ताई, मोटारसायकलवर बॅगेत बांधून नेऊ नका. बॅग लेकराला तुमच्याशी धरून ठेवते, मारापासून वाचवत नाही. गाडी घसरली की ते तुमच्या दोघांच्या मधात चेंगरतं. कायद्यात नऊ महिने ते चार वर्षांच्या लेकराला हेल्मेट, बांधायचा पट्टा आणि ताशी ४० च्या आत वेग सांगितला आहे. तुमची पोरगी तर त्याच्याही खालची, तिच्या मापाचं हेल्मेट येतच नाही.
१४ आठवड्यांची लस झाली का? पेंटाचा तिसरा डोस, पोलिओ, रोटा, न्यूमोनियाची, सगळ्याची नोंद कार्डावर पाहा. नसेल झाली तर आधी ती, आणि लसीच्या दुसऱ्याच दिवशी प्रवास नको, ताप येतो. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावरच मिळते. तोवर रेटारेटीच्या गर्दीत नेऊ नये असं मी माझ्या सगळ्या बाळंतिणींना सांगते. शेगावला जायचंच असेल तर गुरुवार, रविवार, एकादशी टाळा. माघ वद्य सप्तमी म्हणजे प्रकटदिन, त्याच्या आसपास तर बिलकुल नको, दिंड्या येतात.
कार्ड सोबत ठेवा. काही झालंच तर १०२ ची गाडी एक वर्षापर्यंतच्या आजारी लेकराला सरकारी दवाखान्यात फुकट नेते. १०८ आहेच.

मोठी_माय
(नातू लिहून देऊन राहिला.) आमी सव्वा मयन्याच्या लेकराले वट्यात घेऊन वावरात जात होतो. पाळणा काहाचा, बाभळीले लुगड्याची झोळी. काई झालं नाई. आता बॅगा काय, पट्टे काय! येखंड उगाळून लावा, काजळाची तीट लावा, अन् निंगा. लुगडं घरी असनच, बाराशे कायले घालता.

आशाताई_दिग्रस
माय, तीट गालाला लावा, पायाला लावा, माझं काही म्हणणं नाही. डोळ्यात काजळ नको फक्त. घुटी, मध, साखरेचं पाणी, वरचं पाणी पण नको. सहा महिने आईचं दूध, प्रवासात तहान लागली तरी तेच.

मोठी_माय
मंग आमचे लेकरं कसे वाचले?

अकोलेकर_जावई
कापडाची झोळी वाईट नाही, पण बांधता आली पाहिजे. आमच्या मिसेसनं मोबाईलवर बघून बांधली, गाठ सुटली, मुलगा गादीवर पडला म्हणून वाचलो. तेव्हापासून बक्कलवालं वापरतो, २२०० चं. त्याच्यात मी पण घेऊ शकतो, हा मोठा फायदा. प्लॅटफॉर्मवर बाईच्या हातात पिशवी आणि माणसाच्या छातीशी लेकरू, अकोल्यात सगळे वळून बघतात.

शकुंतला_पॅसेंजर
शकुंतला, ती आपली छोटी रेल्वे, चालू असती तर हा धागाच निघाला नसता. दारव्ह्याला बसायचं, मूर्तिजापूरला उतरायचं, तिथून मोठ्या गाडीनं शेगाव. माझ्या आईनं मला पहिल्यांदा तिनंच नेलं. इतकी हळू, की माणसं उतरून शेंगा तोडून परत चढत.

एक_जण_पुसदचा
शेंगा तोडायच्या हे सगळे सांगतात, पाहिलं कोणी?

शकुंतला_पॅसेंजर
मी पाहिलं. १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन होतं, मग डिझेल आलं. यवतमाळ ते अचलपूर. ब्रिटिश कंपनीची मालकी होती म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. आता ब्रॉडगेज करा म्हणून निवेदनं चालू आहेत.

कास्तकार_मनोऱ्याचा
निवेदनानं लेकरू शेगावले पोचत नाई. त्या ताईले आज काय करायचं ते सांगा.

लालपरी_फॅन
एसटी! पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट नाही. २०२३ पासून बायांना अर्धं. घरात कोणी ७५ च्या वरचं असेल तर ते फुकट. दारव्हा–कारंजा–मूर्तिजापूर, मग रेल्वे. रेल्वेतही पाच वर्षांच्या आत वेगळी सीट घेतली नाही तर तिकीट लागत नाही. फक्त गाडी मूर्तिजापूरला थांबते का ते आधी पाहा, सगळ्या थांबत नाहीत. बसमध्ये चाकावरची सीट घेऊ नका, आणि पहिल्या रांगेत पण नको, ब्रेक मारला की दांडा डोक्याशी येतो. मधात बसा, ज्या बाजूला ऊन नाही त्या बाजूला. दूध पाजायला मोठ्या स्टँडवर हिरकणी कक्ष असतो.

माहेर_कारंजा
हिरकणी कक्षाचं नाव काढू नका. एका स्टँडवर गेले तर आत झाडू आणि तुटके बाक ठेवलेले. शेवटी वडाखाली ओढणी घेऊन पाजलं. कंडक्टर काकांनीच गाडी दोन मिनिटं जास्त थांबवली.

लालपरी_फॅन
सगळे तसे नसतात.

माहेर_कारंजा
मी गेले तो तसाच होता.

वरुडची_संत्री
स्पेशल गाडी करा. एकदा काय ते पैसे जातात पण सकाळी आठला निघून संध्याकाळी घरी. आम्ही चिखलदऱ्याला तशीच केली, बाळ पाच महिन्यांचं. परतवाड्याच्या पुढं घाट लागला आणि त्यानं ड्रायव्हरच्या शर्टावर दूध काढलं. वर गेल्यावर इतका गारठा की आम्ही कॉफी पिऊन अर्ध्या तासात खाली. पण फोटो सुंदर आले.

आशाताई_दिग्रस
गाडी केली तर आईनं पुढच्या सीटवर मांडीत घेऊन बसायचं नाही. एअरबॅग उघडली तर ती सरळ लेकरावर येते. मागे बसा.
आता बॅगेचं, कारण मूळ प्रश्न राहिला. कोणतीही घ्या, ६०० ची घ्या की ६००० ची, पण हे पाहा. लेकराचं तोंड दिसलं पाहिजे आणि मान वाकवली की तुम्हाला त्याची पापी घेता आली पाहिजे. हनुवटी छातीला टेकलेली नको, त्यानं श्वास कोंडतो. नाकावर कापड नको, वरून ओढणी तर नकोच. पाय लोंबते नकोत, गुडघे ढुंगणापेक्षा वर आणि मांड्या पसरलेल्या, बेडकासारखं बसलं पाहिजे. स्वस्त बॅगांत मधली पट्टी अरुंद असते, त्यात लेकरू जांघेवर लटकतं, ते खुब्याला चांगलं नाही. तोंड आईकडं. बाहेरच्या बाजूला तोंड करून आत्ता बसवू नका. आणि खाली बसायचा खुर्चीचा तुकडा (हिप सीट) असतो तो लेकरू स्वतः बसायला लागल्यावर.
सकाळी थंडी आणि दुपारी चटका असे दिवस आहेत. एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घाला, काढता येतात. तुमच्या अंगाची गरमी पण तिला लागते. मानेला मागून हात लावून पाहत जा, घाम असेल तर एक थर काढा.

पुण्यातला_वऱ्हाडी
मी पण हेच म्हणत होतो. आमच्या साडेनऊ हजारवाल्यात बेडूक पोझिशन आहे.

तुरीचं_शेत
आशाताई, खूप धन्यवाद. लस झाली आहे, कार्डावर सही पण आहे. मोटारसायकलचं ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, “सगळं गाव नेते.” मग ४० च्या वेगाचं वाचलं तर म्हणाले, “आपल्या रस्त्यावर गाडी तिसच्या वर जातच नाही.” आता काय बोलू. १२०० मध्ये रुंद पट्टीची बॅग कोणी पाहिली आहे का? दुकानाचं नाव नको, फक्त मिळते का ते सांगा.

नेरची_वहिनी
मिळते. मी यवतमाळला हात लावून घेतली, ९०० च्या आसपास, सुती कापड, जाळी नाही. बक्कल दाबून पाहा, अंगठ्यानं उघडलं तर सोडून द्या. ऑनलाइन मागवू नका, फोटोत पट्टी रुंद दिसते आणि घरी येते ती दप्तराच्या बंदाएवढी. किंवा कोणाची वापरलेली घ्या, लेकरं सहा महिन्यांत कंटाळतात, बॅग नवीच्या नवी राहते.

अकोलेकर_जावई
वापरलेली नको. बक्कल ढिलं होतं. २२०० चं घ्या.

शेगाव_वारकरी
कोणीही असो, माउलीकडं जायला मुहूर्त लागत नाही. मधल्या वारी सकाळी लवकर पोचा. मुख्य रांगेत लेकराला घेऊन उभं राहायचं नसेल तर मुखदर्शन घ्या, तेही दर्शनच. महाप्रसादाला एकानं जायचं, दुसऱ्यानं लेकराजवळ सावलीत बसायचं, मग अदलाबदल. सासूबाई सोबत असतील तर सगळं सोपं आहे.

आशाताई_दिग्रस
हे पटलं. मी फक्त म्हणते की दोन-अडीच महिने थांबलात तर उन्हाळा लागतो आणि विदर्भाच्या उन्हात तर मी तुम्हाला फाट्यावर पण जाऊ देणार नाही. म्हणजे एक तर आत्ता मधल्या वारी, नाही तर सरळ पावसाळा सरल्यावर.

तुरीचं_शेत
मंडळी, ठरलं.
शेगाव पुढं ढकललं. नऊ महिन्यांची लस झाली की जाऊ, जाऊळही तिथंच काढू, सासूबाई स्वतःच म्हणाल्या (मोठी माय रागवू नका). सध्या पोरीला घेऊन पहिल्यांदा आमच्याच वावरात जातो आहोत, रविवारी रोडग्याचं जेवण आहे, तूर सोंगून झाली. मामंजींनी रेंगी (छोटी बैलबंडी) काढली, गवत आणि गोधडी टाकून. मोटारसायकल नाही, एसटी नाही.
आणि बॅग दिरानं अमरावतीहून आणली, २४०० ची, विचारलंच नाही त्यांनी. पट्टी रुंद आहे, बक्कल अंगठ्यानं उघडत नाही. रंग मात्र असा निळा की लांबून पोलीस वाटते.

पुण्यातला_वऱ्हाडी
२४००? मग बजेट वाढवता येत होतं तर आधीच सांगायचं.

आशाताई_दिग्रस
छान. पण रेंगीत बॅग बांधून बसू नका, बैल उधळले तर उतरायला हात मोकळे लागतात, सासूबाईंच्या मांडीत द्या. आणि एक विचारा. शेजारच्या धुऱ्यावर हरभऱ्याला घाटेअळीची फवारणी चालू आहे का? असेल तर त्या दिवशी जाऊ नका. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं मोठी माणसं गेली, हे तर एवढंसं लेकरू. पंप, डबे, फवारणीचे कपडे असलेल्या खोलीत झोळी बांधू नका. रोडग्याच्या गोवऱ्यांचा धूर पण लांबच ठेवा, धूर जातो त्याच्या उलट्या बाजूला बसा.

तुरीचं_शेत
फवारणी शेजाऱ्याची शुक्रवारी आहे. विचारून सांगते. पुढं गेली तर आम्ही पण पुढं नेऊ.

मोठी_माय
म्या पयलेच सांगतलं होतं वावरात न्या म्हून. कोनी आयकलं नाई.

कास्तकार_मनोऱ्याचा
रोडगे हाय तं वांग्याची भाजी कोणाची? भरीत करू नोका, रसाची करा, कांदा-लसून वाटून.

वरुडची_संत्री
रोडग्यासोबत वरण असतं, वरून तूप. वांग्याची भाजी बाजूला.

कास्तकार_मनोऱ्याचा
तुमच्याकडं असन बाजूला. आमच्याकडं वांगं आधी सरते.