मदत हवी आहे: पिकअपचे नवे पॅड टाकूनही डावा कॅलिपर ढिला, खडखड थांबत नाही

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे 2011 चा डिझेल पिकअप आहे. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. हंगामात आप्पा नारायणगावहून टोमॅटोचे क्रेट भरतात आणि माळशेज उतरून कल्याणला, कधी वाशीला माल टाकतात. बहुतेक फेऱ्या रात्रीच्या. भरलेली गाडी त्या घाटातून उतरते, तेव्हा ब्रेकच्या बाबतीत "चालतंय तोवर चालू दे" हे मला मान्य नाही.

डाव्या पुढच्या चाकातून खडखड येते. खड्ड्यांच्या रस्त्यावर हळू चालवताना जास्त, चांगल्या डांबरीवर जवळपास नाही. ब्रेकवर पाय नुसता टेकवला तरी आवाज बंद होतो आणि पाय उचलला की पुन्हा सुरू. गाडी एका बाजूला ओढत नाही, पेडलही खाली जात नाही.

पॅड नुकतेच नवे टाकून घेतले. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. काल चाक काढून पाहिलं. डावा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) हाताने धरला तर वर-खाली खटखट हलतो, उजवा तसा हलत नाही. पॅडच्या दोन्ही टोकांखाली स्टीलच्या ज्या पातळ क्लिपा असतात, त्या उजवीकडे आहेत आणि डावीकडे एकही नाही. चाक 12 आणि 6 वर धरून हलवलं, प्ले (ढिलेपणा) लागला नाही.

गॅरेजवाले म्हणतात, कॅलिपर आणि पॅड ज्यात बसतात त्या ब्रॅकेटला वेल्डिंगचा टाका मारून फट भरू, तासाभराचं काम. आप्पांचंही मन तिकडेच आहे, कारण हंगामात गाडी उभी ठेवणं परवडत नाही. मला ते पटत नाही, पण त्यांना नीट कारण देता येत नाहीये. हा टाका चालतो का? नसेल तर नेमकं काय बदलायचं?

प्रतिसाद

ताई, टाका अजिबात मारू देऊ नका. ब्रॅकेट ओतीव लोखंडाचं असतं. नीट तापवून न घेता त्यावर वेल्डिंग केलं की टाक्याच्या शेजारची जागा कडक आणि ठिसूळ होते. घाटात ब्रेक तापतात, खड्ड्यात हादरे बसतात आणि चीर तिथेच पडते. शिवाय टाक्याने जागा जराशी वाकडी झाली तर पॅड अडकतो आणि डिस्कला घासत राहतो. आप्पांना एवढंच सांगा की ब्रेक दाबल्यावर पॅडला बसणारा सगळा जोर हे ब्रॅकेटच झेलतं.

पाय टेकवल्यावर आवाज थांबतो, ही तुम्ही दिलेली सगळ्यात कामाची खूण आहे. पॅड डिस्कला टेकले की कॅलिपर आवळला जातो आणि हलायचा थांबतो. म्हणजे आवाज बहुतेक पॅड, पिना किंवा ब्रॅकेटचाच.

आधी ब्रॅकेटला नकलला, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाला, जोडणारे दोन मोठे बोल्ट तपासा. ते ढिले असतील तर बाकीचं सगळं नंतर. ते घट्ट असतील तर कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या बाहेर काढा. झिजलेली पीन चमकते आणि बोटाला पायरी लागते. बऱ्याच गाड्यांत दोनपैकी एका पिनेवर रबराची नळी असते. ती फाटली किंवा पिनांची अदलाबदल झाली तरी खडखड होते, म्हणून काढतानाच कुठली वर आणि कुठली खाली ते लिहून ठेवा. नवी पीन हाताने भोकात घालून हलवून बघा. तरीही डुगडुगली तर भोक मोठं झालंय, मग ब्रॅकेटच बदला.

क्लिपा मात्र काहीही झालं तरी नव्याच टाका. पॅडवाले त्या डब्यात देतातच असं नाही, मागून घ्याव्या लागतात.

प्रतिसाद

वरच्या दादांशी सहमत. पिनांना साधं चेसिस ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं आणि महिन्या-दोन महिन्यांत पीन जाम होते. सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस मागा. डिस्क रॉकेलने किंवा डिझेलने पुसू नका, ब्रेक क्लीनरच वापरा. कॅलिपर काढल्यावर ब्रेक ऑइलच्या नळीवर (होजवर) लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, स्टँड लावा. आणि काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल कडक होईपर्यंत पंप करा.

ताईंचा प्रतिसाद

खूप आभार. वेल्डिंगचं कारण आप्पांना पटलं आणि त्यांनी स्वतःच टाका नको म्हणून सांगितलं. आज पिना काढल्या. ब्रॅकेटचे बोल्ट घट्ट आहेत. खालच्या पिनेवरची रबराची नळी गायब आहे आणि पीन एका बाजूने झिजली आहे. नवी पीन घालून पाहिली, खालच्या भोकात ती स्पष्ट हलते. म्हणजे ब्रॅकेट बदलायचंच. आता दोन प्रश्न. भंगारातलं जुनं ब्रॅकेट घेतलं तर चालेल का? आणि ते मिळेपर्यंत गाडी घाटात पाठवावी का?

प्रतिसाद

जुनं चालेल, पण नवी पीन खिशात घालूनच दुकानात जा आणि दोन्ही भोकांत घालून हलवून बघा. पॅड जिथे बसतो तिथे खड्डा पडलेला असेल तर घेऊ नका. चीर किंवा वेल्डिंगची खूण दिसली तरी नको. डाव्या बाजूचंच आहे ना, तेही पाहून घ्या.

गाडी उघडलीच आहे तर डिस्कची जाडी मोजून घ्या, कमीत कमी किती हवी ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं. ब्रेक ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर बदला. त्यात ओलावा शिरलेला असला की लांब उतारावर ते उकळतं, वाफ धरते आणि पेडल खाली जातं. मागच्या ड्रममधले लायनरही ॲडजस्ट करून घ्या, नाहीतर पुढच्या ब्रेकवर जास्त भार येतो.

घाटाचं विचाराल तर नाही. त्या भोकासकट भरलेली गाडी माळशेजला पाठवू नका. चार-दोन दिवस दुसऱ्याच्या गाडीत क्रेट टाका, भाडं गेलं तर जाऊ द्या.