मुलीचं वेगळं नाव: ठेवणाऱ्यांनी आणि ते नाव घेऊन वाढलेल्यांनी अनुभव सांगा

आमची लेक अडीच महिन्यांची आहे. 33व्या आठवड्यात झाली, वजन 1 किलो 740 ग्रॅम. सतरा दिवस काचेच्या पेटीत होती, त्यामुळे बाराव्या दिवशीचं बारसं राहूनच गेलं. नर्सताईंनी तिला पहिल्यांदा बाबाच्या हातात दिलं तेव्हा ती त्याच्या दोन तळव्यांत मावली. तिच्या टाचा त्याच्या मनगटाला टेकल्या होत्या. त्या रात्री त्याचा मेसेज आला, 'ओंजळ ठेवूया?' त्यानंतर मला दुसरं नाव सुचलेलंच नाही.

घरात मात्र दोन तट पडलेत. सासरे म्हणतात, ओंजळ रिकामीही असते, पोरीच्या नावात रितेपण नको. माझी आई म्हणते, अर्घ्य ओंजळीनेच देतात. नणंदबाई म्हणाल्या, तुम्ही दोघं सांगाल ते नाव मी कानात सांगेन, पण लवकर ठरवा, घुगऱ्यांसाठी हरभरे आणून ठेवलेत. जन्मदाखला नावाविना काढलाय. वर्षभरात नाव घातलं तर शुल्क लागत नाही, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं, म्हणजे कायद्याची काही घाई नाही. घाई मला आहे. 'बाळ, बाळ' म्हणून आता जीव कासावीस होतो.

असं नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी लिहाच. पण ज्या स्वतः असं नाव घेऊन वाढल्या, त्यांचं मला जास्त ऐकायचंय.

*

माझं नाव कोयना. वडील पाटबंधारे खात्यात, जन्म कराडचा. भूगोलाच्या तासाला बाई महाबळेश्वरच्या पाच नद्या सांगायला लागल्या की कृष्णा, वेण्णा, सावित्री, गायत्री होईपर्यंत वर्ग गप्प असायचा आणि मग अख्खा वर्ग माझ्याकडे वळायचा. मोठं माणूस कुणीही भेटलं की 1967 चा कोयनेचा भूकंप निघायचाच. दर डिसेंबरात मी तो ऐकला आहे.

आठवीत वडिलांना म्हटलं, माझं नाव बदला. ते रागावले नाहीत. रविवारी मला एसटीने हेळवाकला घेऊन गेले. उत्तरेकडून दक्षिणेला सरळ येणारी नदी तिथे पूर्वेला वळते. ते वळण दाखवलं, येताना कराडला प्रीतिसंगमावर नेलं. तिथे कृष्णा आणि कोयना अगदी समोरासमोर येऊन मिळतात. 'बघ, ती मागून येऊन मिळत नाही, समोरून भेटते,' एवढंच म्हणाले. त्यानंतर मी तो विषय काढला नाही. पुढे कॉलेजात कळलं की इरावती कर्वे 1905 साली ब्रह्मदेशात जन्मल्या आणि त्यांचं नाव तिथल्या इरावती नदीवरून ठेवलेलं. त्या दिवशी मला थोरली बहीण मिळाल्यासारखं वाटलं.

बाबाच्या हातातला फोटो असेल तर जपून ठेवा. लेक एक दिवस विचारेल, तेव्हा तोच तुमचं हेळवाक.

*

मी मिरजेचा, निवृत्त संस्कृत शिक्षक. नातीचं नाव शिखरिणी ठेवायचं हा हट्ट माझा. य म न स भ ल ग, सतरा अक्षरांचं वृत्त, सहाव्या अक्षरावर यती, म्हणजे थांबा. म्हणताना श्वास चढण चढल्यासारखा चालतो. सूनबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, 'बाबा, आठ दिवस तुम्ही या नावाने हाक मारून बघा, मग ठरवू.' पोर अजून पोटातच होती. मी रोज सकाळी तुळशीपाशी उभा राहून हाक मारायचो. चौथ्या दिवशी माझ्याच तोंडून 'शिखू' निघालं.

दाखल्यावर शिखरिणी आहे, घरात शिखू. सुरुवातीला मन खट्टू झालं. आता ती पाच वर्षांची आहे. कुणी नाव विचारलं की चारही अक्षरं सावकाश, एकेक ठेवत सांगते, आणि मी दाराआडून ऐकत राहतो. तुम्हीही नाव कागदावर लिहून बघत बसू नका. हाक मारा.

*

धागा काढणारी मीच. काका, काल तुमचं वाचून गॅलरीत उभी राहिले आणि हाक मारली. 'ओंजळ' लांब जात नाही हो. ळ शेवटी जिभेला चिकटून राहतो. आजेसासूबाई आत मटार सोलत होत्या. त्यांनी बसल्या जागेवरून 'ओंजळ गं' म्हटलं आणि ते थेट जिन्यापर्यंत पोचलं. 'गं' ने काम केलं. पण शाळेतल्या बाई 'गं' लावतील का, हा प्रश्न राहिलाच.

*

हस्त नक्षत्र, तिसरं चरण, अक्षर आलं ण. गुरुजींनीच सांगितलं की पत्रिकेतलं नाव पत्रिकेत राहू द्या, पाळण्यात तुमच्या आवडीचं ठेवा. आम्ही रानजाई ठेवलं. तीन वर्षांत एकानेही पत्रिकेतलं नाव विचारलेलं नाही. अक्षरावर अडला असाल तर इतकं मनाला लावून घेऊ नका.

*

मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका होते. 2011 च्या ऑक्टोबरात जिल्ह्यातल्या नकुसा, नकोशी अशा नावांच्या 285 मुलींचं नव्याने नामकरण झालं, तुम्हाला आठवत असेल. माझ्या वर्गात एक नकुसा होती. चौथी मुलगी. आता तरी मुलगा व्हावा म्हणून ठेवलेलं नाव. रोज हजेरी घेताना त्या नावाशी माझा आवाज खाली यायचा, आणि ती त्याहून हळू 'हजर' म्हणायची.

नवं नाव तिनेच निवडायचं होतं. मी आदल्या रात्री बसून यादी केली. मृण्मयी, चांदणी, पालवी, उर्वी, चैत्राली. वाटलं, इतकी वर्षं जे सोसलं त्याची भरपाई होईल असं काहीतरी सुंदर द्यावं. तिने यादीवरून बोट फिरवत प्रत्येक नाव वाचलं आणि कागद परत दिला. 'बाई, ह्यातलं नको. पोरींचं असतंय तसलं द्या. पूजा.'

वर्गात आधीच दोन पूजा होत्या. ती तिसरी. दुसऱ्या दिवशी हजेरीत तिन्ही नावं लागोपाठ आली आणि तिचा 'हजर' पहिल्यांदा व्हरांड्यापर्यंत ऐकू गेला.

हे तुमच्या ओंजळच्या विरोधात सांगत नाही. एका पोरीच्या नावासाठी अख्खं घर हट्टाला पेटलंय, हे वाचून मला फार बरं वाटलं.

*

आम्ही जर्मनीत राहतो, लेक सांज. इथे नाव नोंदणी कार्यालयाला पटावं लागतं. मुलाला जाच होईल असं नाव ते नाकारू शकतात. हे मुलीचंच नाव कशावरून, असं त्यांनी विचारलं. आम्ही तयारीने गेलो होतो. 2008 मध्ये इथल्या घटना न्यायालयापुढे एका भारतीय घरातल्या मुलीच्या 'किरण' या नावाचाच खटला आला होता. नावावरून मुलगा की मुलगी हे कळत नाही म्हणून ते अडवलं होतं आणि न्यायालयाने ते आईवडिलांना ठेवू दिलं. आमचं काम त्याआधीच, शब्दाचा अर्थ सांगूनच झालं.

खरी अडचण उच्चाराची. सांजमधला ज 'जग'मधला, 'जय'मधला नव्हे. इथले लोक तर त्याचा य करतात. लेक सहा वर्षांची आहे, समोरच्याला दोनदा म्हणून दाखवते, तिसऱ्यांदा सोडून देते. ते सोडून देणं मला लागतं. तरी नाव बदलावंसं कधी वाटलं नाही. तुमच्या ळ बद्दल मात्र आतापासून विचार करा.

*

मी गोव्याची. लेकीचं नाव अबोली. आमच्याकडे ते केसात माळायचं रोजचं फूल. माझी आजी दुपारी उंबऱ्यावर बसून वळेसर, म्हणजे गजरे, विणायची, तिच्या बोटांना केशरी रंग लागलेला असायचा. माझ्या मनात नावाचा अर्थ तेवढाच होता. लग्नानंतर पुण्यात आले. लेक तीन वर्षांची होईपर्यंत बोलली नाही आणि भेटेल तो म्हणायला लागला, 'नावच अबोली ठेवलंत ना!' नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यात एका टिंबाचं अंतर आहे, ते मला त्या दीड वर्षात समजलं. मी रात्री उठून तिचा दाखला काढून बघत बसायची.

तपासणीत कळलं, दोन्ही कानांच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. छोटं ऑपरेशन झालं, वाणीउपचार झाले, बोलायला लागली. नावाचा काही संबंध नव्हता. तुमच्या सासऱ्यांना रितेपणाची भीती वाटते, ती त्यांच्या मायेपोटीच वाटते. पण उद्या लेकीला साधा ताप आला तरी कुणीतरी नावावर बोट ठेवेल. तेव्हा तुम्ही डळमळू नका. मी डळमळले होते, आणि ते तिच्यासमोर.

*

वय वर्षं 61, माहेर जळगावकडचं. आईने माझं नाव तरुलता ठेवलं. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण विहिरीजवळच्या कडुलिंबावर चढलेली मधुमालती बघून हे नाव तिने स्वतः निवडलं. लग्नात ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीने त्यावर लिहिलं, सुनीता. मला कुणी विचारलं नव्हतं. सासूबाई वाईट नव्हत्या, त्यांना ते नाव जड जात होतं, एवढंच. ताट उचलताना तांदूळ हलले आणि ते अक्षरही गेलं, पण नाव राहिलं.

शाळेचे दाखले एका नावाचे, रेशनकार्ड दुसऱ्या. पुढे वडिलांच्या जमिनीच्या कामात या दोन्ही बायका एकच आहेत हे दाखवायला प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव छापून आणलं. माझ्या लेकीने लग्नात ताट समोर आलं तेव्हा हात आडवा धरला. तिला मुलगी झाली ती 2024 च्या ऑगस्टमध्ये. त्या वर्षीच्या 1 मेपासून जन्मलेल्यांच्या सरकारी कागदावर आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. नातीच्या दाखल्यावर लेकीचं नाव मी बोट लावून वाचलं. पाळण्यातलंच नाव होतं ते.

ओंजळ ठेवा. आणि पुढे कुणी तांदळाचं ताट आणलं तर काय करायचं, तेही तिला सांगून ठेवा.

आई गेल्याला नऊ वर्षं झाली. आता त्या नावाने मला हाक मारणारा एकच माणूस उरलाय, धाकटा मामा, वय 84. महिन्यातून एकदा त्याचा फोन येतो. घरात सगळे फोन स्पीकरवर टाकतात. मामाचा आला की मी अंगणात जाते आणि कानाला लावते. तो आधी 'तरू गं' म्हणतो, मग तब्येत विचारतो.