स्लावजवळचा नॉन-लीग फुटबॉल क्लब: आमच्या मंडळाने हातभार कसा लावावा?

स्लावकर

नमस्कार मंडळी. इंग्लंडमधल्या स्लावच्या आसपास आम्ही दहा-बारा मराठी कुटुंबं राहतो. निम्मी कोल्हापूरची, त्यामुळे फुटबॉलची ओढ नव्याने लावायला नको. जवळच एक छोटा क्लब आहे, कम्बाइन्ड काउंटीज लीगमध्ये खेळतो, म्हणजे नॉन-लीगच्या (देशाच्या वरच्या चार विभागांच्या खालच्या फुटबॉलच्या) पाचव्या पायरीवर. गवताचं मैदान, दीडशेच्या आत प्रेक्षक, आणि गेटपासून चहापर्यंतचा सगळा भार साठी-सत्तरीतल्या सहा-सात जणांवर. नुसतं तिकीट काढून सामना बघून घरी यायचं नाहीये, क्लबाचे होऊन राहायचं आहे.

विचारायचं ते असं: सुरुवात कुठून करावी? घरच्या प्रत्येक सामन्याला वडापाव ठेवायचा विचार आहे, त्याचे नियम काय? मैदानाच्या कामात नवख्या माणसाने हात घालावा का? आणि १० ते १५ वर्षांच्या मुलांना काय काम मिळू शकतं?

टचलाइन

स्टॉलचं नंतर बघा. आधी सेक्रेटरीला ईमेल करा आणि एवढंच विचारा की सामन्याच्या दिवशी माणूस कुठे कमी पडतो. "आम्ही हे करू इच्छितो" असं सांगू नका. उत्तर बहुतेक वेळा गेट, चहाची खिडकी किंवा सामन्यानंतरची आवराआवर, यांपैकीच काहीतरी येईल. त्यातलं एक काम घ्या आणि ते दोन माणसांच्या नावावर लावा, म्हणजे एक आजारी पडला तरी दुसरा उभा असेल. दहा जण एका शनिवारी आले आणि पुढचे तीन शनिवार कुणीच नाही, हे क्लबाला फार जड जातं. तुम्ही येणार म्हणून त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नसतं.

दुपारी ३ चा सामना असेल तर साडेबाराला पोहोचा. कोपऱ्यांचे झेंडे, जाळ्या, बदली खेळाडूंचे बाक, पंचांच्या खोलीतलं पाणी, जाहिरातींचे बॅनर, ही कामं तेव्हा चालतात आणि ओळखी तिथेच होतात. गेटवर बसणार असाल तर तिकिटाचा दर बघून सुटे मागवा. तिकीट ८ पौंड असेल तर जवळपास प्रत्येक दहाच्या नोटेला २ पौंड परत द्यावे लागतात, त्यामुळे डब्यात पाचच्या नोटांपेक्षा एक-दोन पौंडांची नाणी जास्त हवीत. कार्डाचं यंत्र क्लबहाऊसच्या वायफायवर चालत असेल तर ते गेटपर्यंत पोहोचतं का, हे दार उघडण्याआधी तपासा. मोठे, सवलतीचे आणि मुलं, यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवा. एकूण आकडा सामना सुरू झाल्यापासून पंचेचाळीस मिनिटांच्या आत तयार हवा, कारण प्रेक्षकसंख्या लाउडस्पीकरवर सांगतात आणि लीगलाही कळवतात.

अजून एक गोष्ट. या पातळीवर बहुतेक ठिकाणी दोन्ही संघांचे पाठीराखे वेगळे बसवत नाहीत. मध्यंतरात लोक चालत दुसऱ्या टोकाला जातात, आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार त्याच्या मागे उभे राहायला. तुम्हीही त्यांच्यासोबत चाला. ओळख वाढवायला त्या पाच मिनिटांच्या चालण्याइतकी चांगली जागा दुसरी नाही. सामना संपला की लगेच गाडी काढू नका. पाहुण्या संघाला जेवण वाढेपर्यंत क्लबहाऊसमध्ये थांबा.

आल्याचा चहा

वडापावबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे उत्साहाच्या भरात चुका होतात.

पहिलं म्हणजे नोंदणी. वर्षातून एखाददुसऱ्या समारंभाला पदार्थ करून नेणं वेगळं आणि घरच्या प्रत्येक सामन्याला विकणं वेगळं. नियमित विक्री म्हणजे खाद्यव्यवसाय, आणि त्याची नोंद स्थानिक काउन्सिलकडे सुरू करण्याच्या किमान २८ दिवस आधी करावी लागते. शुल्क नाही. क्लबाचं स्वयंपाकघर नोंदलेलं असेल तर त्यांच्याच नावाखाली, त्यांच्याच खिडकीतून विका. पैसे क्लबाच्या गल्ल्यात जातील आणि चहावाल्या आजींशी स्पर्धाही होणार नाही. शेजारी वेगळा तंबू टाकलात तर त्यांचे बर्गर पडून राहतील आणि मनं दुखावतील. वडे कुणाच्या घरी करून आणणार असाल तर त्या घरच्या स्वयंपाकघराबद्दलही काउन्सिलला आधीच विचारा.

मैदानाच्या कडेला गॅसवर कढई चढवू नका. वारा, मुलं, विम्याची अट, सगळंच अडचणीचं. वडे आदल्या दिवशी तळून, लवकर गार करून फ्रिजमध्ये ८ अंशांच्या खाली ठेवायचे, शीतपेटीतून न्यायचे आणि क्लबाच्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर गरम करायचे. साधारण पंधरा मिनिटं लागतात, पण घड्याळावर विसंबू नका, तापमापीची सुई वड्याच्या मध्यात घालून ७५ अंश दिसले पाहिजेत. मायक्रोवेव्हमध्ये आवरण लिबलिबीत होतं. पाण्याच्या वाफेवर गरम ठेवणाऱ्या झाकणाच्या भांड्यातही तेच होतं, म्हणून कोरड्या उष्णतेची काचपेटी मिळाली तर उत्तम. विकेपर्यंत ६३ अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही.

ॲलर्जीचा विषय सर्वांत महत्त्वाचा. इथल्या कायद्यात १४ घटक जाहीर करावे लागतात आणि आपल्या वडापावात त्यांतले बरेच लपलेले असतात. फोडणीतली मोहरी त्यांत आहे. सुक्या चटणीतले शेंगदाणे आणि तीळ आहेत. पावातला गहू तर आहेच, पण हिंगही बघा, बाजारातल्या पुष्कळ डब्यांत हिंगासोबत गव्हाचं पीठ असतं. "पाव नको, नुसता वडा द्या, मला ग्लुटेन चालत नाही" असं म्हणणाऱ्याला तो वडा दिला तर गंभीर प्रकार होऊ शकतो. आणि हिंग बदलला तरी वडे आणि पाव एकाच ओट्यावर हाताळत असाल तर "ग्लुटेनमुक्त" हा शब्द वापरू नका. शेंगदाणे आणि तीळ सरळ वगळा. खोबरं, लसूण, तिखट, मीठ, एवढ्यात चटणी फक्कड होते, आणि खोबरं त्या १४ मध्ये नाही. तळायला शेंगदाणा तेल नको, रेपसीड किंवा सूर्यफूल वापरा. बाजारच्या पावात दूध किंवा सोया असतं का, ते पाकिटावर वाचून तक्त्यात लिहा.

वडापाव आधीच कागदात गुंडाळून रचून ठेवू नका. गिऱ्हाईक येण्याआधी बांधलेल्या पदार्थावर ऑक्टोबर २०२१ पासून इंग्लंडमध्ये घटकांची पूर्ण यादी असलेलं लेबल सक्तीचं आहे. मागणी आल्यावर बांधून दिला तर ॲलर्जीची माहिती तक्त्यावर, किंवा "ॲलर्जीबद्दल आम्हाला विचारा" अशी पाटी लावून विचारल्यावर देता आली तरी पुरते.

किती करायचे? मध्यंतर १५ मिनिटांचं. एका माणसाला २० सेकंद धरले तरी एका खिडकीतून ४५ जणच जातात, आणि त्यांतल्या निम्म्यांना चहाच हवा असतो. दीडशे प्रेक्षकांत पहिल्या वेळी ३० वडे पुष्कळ झाले. पैसे घेणारा आणि वाढणारा वेगळा ठेवा.

आणि एक सुचवते. पहिला वडा खिडकीतून विकूच नका. मध्यंतरात पाहुण्या क्लबाच्या समितीला आत बोलावून चहा-सँडविच द्यायची इथे जुनी रीत आहे. त्या टेबलावर, समितीला विचारून, एक ताट ठेवा, शेजारी घटकांची चिठ्ठी. दोन्ही क्लबांची जाणती माणसं तिथे असतात. त्यांना आवडला की पुढची परवानगी मागावी लागत नाही.

गोलमुख

मैदानाच्या कामात नवख्यांनी जरूर यावं, पण ग्राउंड्समनच्या हाताखाली. स्वतःहून काहीही करू नका.

सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी माणसं मिळणारं काम म्हणजे सामन्यानंतर उखडलेलं गवत परत बसवणं. बुटांनी निघालेला गवताचा तुकडा मुळासकट पालथा पडलेला असतो. तो उचलून खाचेत ठेवायचा, भोवती गार्डन फोर्क तिरका खुपसून कडेची माती आत ढकलायची आणि पायाने हलकेच दाबायचं. फोर्क खालून उचकटायचा नाही, त्याने आजूबाजूची मुळं तुटतात. हे त्याच संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या सकाळी व्हायला हवं. वारा लागून तुकडा सुकला की तो धरत नाही आणि तिथे चिखलाचा खड्डा कायमचा होतो. दोन्ही गोलमुखं, मधलं वर्तुळ आणि लाइन्समन पळतो तो पट्टा आधी घ्या. आठ जण रांगेने चालले तर तासाभरात मैदान होतं. एकट्या ग्राउंड्समनची सगळी रविवार सकाळ त्यात जाते. तुमची दहा-बारा कुटुंबं आहेत, तर याहून मोठी मदत मला सुचत नाही.

पाऊस पडून डबकी साचली की लोक झाडूने पाणी लोटायला धावतात. त्याने वरचा चिखल सारवल्यासारखा बसतो आणि पाणी आणखीच अडतं. फोर्कने १० ते १५ सेंटीमीटर खोल भोकं पाडून पाणी जिरू द्या, उरलेलं स्पंजच्या रोलरने उचला. जड रोलर ओल्या मैदानावर अजिबात नको, माती दाबली जाऊन निचराच बंद होतो. दव गोठून गवत पांढरं झालं असेल तर त्यावर पाऊल टाकू नका, पावलांचे काळे ठसे काही आठवडे दिसतात. थंडीची आच्छादनं आदल्या संध्याकाळी, जमीन अजून ऊबदार असताना घालायची असतात, गोठल्यावर घालून उपयोग नाही. तेव्हा शुक्रवारी संध्याकाळी फोन आला तर जाणारे चार जण आधीच ठरवून ठेवा. मैदान खेळण्याजोगं आहे का, हे बघायला सकाळीच जवळच्या पंचाला बोलावतात, कारण पाहुण्यांची बस निघाल्यावर सामना रद्द झाला तर दोन्ही क्लबांचं नुकसान.

मोसम संपला की मे महिन्यात मोठं काम असतं: जमीन खोल टोचून मोकळी करणं, वाळू पसरणं, रायग्रासचं बी पेरणं. चौरस मीटरला ३५ ग्रॅम धरलं तर १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानाला सुमारे २५० किलो बी लागतं. वाळू साठ टनांच्या आसपास. यंत्राचं काम कंत्राटदार करतो, पण फावडी, ढकलगाड्या आणि पाण्याच्या नळ्या धरायला माणसं लागतात.

आर्बर पार्कवर, म्हणजे स्लाव टाउनच्या मैदानावर, कृत्रिम गवत आहे, तिथे हे प्रश्न नाहीत. पण त्या क्लबाचा इतिहास तुमच्या मुलांना जरूर सांगा. २००३ मध्ये त्यांचं जुनं मैदान, वेक्सम पार्क, गेलं आणि २०१६ मध्ये आर्बर पार्क मिळेपर्यंत ते शेजारच्या गावांतल्या क्लबांच्या मैदानांवर खेळत राहिले. इतकी वर्षं घर नसलेला क्लब दर शनिवारी कामाला येणाऱ्या माणसांमुळेच उभा राहतो.

हिशेबनीस

पैशांबद्दल थोडक्यात. सामन्याच्या दिवशीचा फिफ्टी-फिफ्टी ड्रॉ, म्हणजे जमलेल्यातला अर्धा विजेत्याला आणि अर्धा क्लबाला, याला परवाना लागत नाही. पण तिकिटं फक्त सामन्याच्या वेळी मैदानातच विकायची, जमलेल्या पैशांतून बक्षिसाला ५०० पौंडांहून जास्त आणि खर्चाला १०० पौंडांहून जास्त काढायचं नाही, आणि बक्षीस पुढच्या सामन्यावर ढकलायचं नाही. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर आठवडाभर तिकिटं विकलीत की ती वेगळ्या प्रकारची लॉटरी होते. त्याला काउन्सिलकडे नोंदणी लागते, पहिल्या वर्षी ४० पौंड, नंतर दरवर्षी २०. रोकड नेहमी दोघांनी मोजायची आणि दोघांनी सही करायची.

क्लब सामुदायिक हौशी क्रीडा संस्था म्हणून करखात्याकडे नोंदलेला आहे का, ते विचारा. असेल तर इथे कर भरणाऱ्याने दिलेल्या प्रत्येक पौंडावर गिफ्ट एडचे, म्हणजे देणगीवरचा कर सरकार क्लबाला देतं त्याचे, २५ पेन्स वर मिळतात. तुमच्यातले बहुतेक जण पगारदार असणार, तेव्हा देणगी देताना तो फॉर्म भरायला विसरू नका. ड्रॉची तिकिटं किंवा गेटचे पैसे मात्र देणगीत धरत नाहीत.

एकजूट पैशांतही कशी उतरते त्याचं उदाहरण हवं असेल तर लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीचा मरीन क्लब बघा. तेव्हा इंग्लिश फुटबॉलच्या एकूण उतरंडीत आठव्या स्तरावरचा, म्हणजे नॉन-लीगच्या चौथ्या पायरीवरचा. जानेवारी २०२१ मध्ये एफए (इंग्लंडची फुटबॉल संघटना) कपात प्रीमियर लीगमधला टॉटनहॅम त्यांच्या मैदानावर आला आणि करोनामुळे प्रेक्षकांना बंदी होती. त्यांनी १० पौंडांची आभासी तिकिटं काढली आणि ती ३० हजारांहून जास्त खपली. सामना ०-५ हरले, पण क्लब सावरला.

स्लावकर

सगळ्यांचे मनापासून आभार. सामन्यानंतर गवत बसवायचं काम आम्ही नक्की घेऊ, त्याला भाषा किंवा ओळख काहीच आड येत नाही. ताटाची कल्पनाही आवडली. मुलांचं तेवढं राहिलं. आणि सगळ्या मंडळाला एकदम घेऊन जायचं असेल तर कोणता दिवस बरा?

टचलाइन

मुलांसाठी बॉल परत देणं हे सर्वांत चांगलं. आठ मुलं पुरतात: दोन्ही बाजूंना दोन-दोन, प्रत्येक गोलमागे दोन. पालकांची लेखी संमती, फोटोला वेगळी संमती, रंगीत बिब, आणि मुलांवर लक्ष ठेवायला एक ठरलेला मोठा माणूस. खेळाडूंच्या खोलीत मुलं जाणार नाहीत आणि तिथे फोन निघणार नाही, हे आधीच सांगा. मुलांची जबाबदारी नियमितपणे घेणाऱ्या मोठ्यांना क्लबाचा वेल्फेअर ऑफिसर डीबीएस तपासणी (गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी) आणि एफएचा बालसुरक्षेचा कोर्स करायला सांगेल. स्वयंसेवकाला त्या तपासणीचं सरकारी शुल्क नसतं, अर्ज हाताळण्याची थोडी रक्कम मात्र लागू शकते. यायला वेळ लागतो, म्हणून मोसम सुरू होण्याआधीच अर्ज करा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना कार्यक्रमपत्रिका विकणं किंवा क्लबाच्या पानावर गोलची वेळ टाकणं जमतं, तेही मोठ्यांच्या सोबतीने.

दिवसाचं म्हणाल तर नॉन-लीग डे. २०१० पासून होतो, बहुधा मोठ्या लीगना आंतरराष्ट्रीय सामन्यांची सुट्टी असते त्या शनिवारी. तारीख दरवर्षी बदलते. चाळीस-पन्नास जण येणार असाल तर सेक्रेटरीला दोन आठवडे आधी आकडा कळवा, नाहीतर दीडशेच्या हिशेबाने आणलेले पाव आणि दूध मध्यंतरातच संपेल. गाड्या एकत्र करून या, छोट्या क्लबांच्या पार्किंगमध्ये पाहुण्यांची बस वळायलाच जागा कमी असते. ढोल-ताशा न्यायचा विचार असेल तर तोही आधी विचारा, कारण मैदानाला लागून लोकांची घरं असतात आणि शेजाऱ्यांची तक्रार काउन्सिलकडे गेली तर ती क्लबाला निस्तरावी लागते.