दोघांत मिळून एकच शिकारीचा क्रॉसबो घ्यायचा आहे; पत्नीचा बांधा लहान आहे

प्रश्न

मी आणि माझी पत्नी हरणांच्या हंगामासाठी दोघांत मिळून एक क्रॉसबो (बंदुकीसारखे खांद्याला लावून, चाप ओढून बाण सोडायचे आडवे धनुष्य) घेण्याच्या विचारात आहोत; दोन वेगळे घेणे आम्हाला परवडणार नाही. माझी उंची सहा फूट आहे, तिची जेमतेम पाच फूट, आणि खांदेही अरुंद आहेत. नेम मात्र तिचा माझ्यापेक्षा स्थिर आहे. मला खांद्याला नीट बसणारा क्रॉसबो तिने उचलला की थोड्याच वेळात पुढचे टोक खाली झुकू लागते, आणि स्कोपमध्ये (नेम धरायच्या दुर्बिणीत) पूर्ण वर्तुळ दिसावे म्हणून तिला मान पुढे काढावी लागते. ओढीचे वजन (दोरी ताणायला लागणारा जोर) किती असावे, आणि तिला तो माझ्या मदतीशिवाय ताणता येईल असा कोणता प्रकार पाहावा?

उत्तर १

ओढीचे वजन आणि क्रॉसबोचे वजन या दोन गोष्टी आधी वेगळ्या कराव्यात. साध्या धनुष्यात दोरीचा ताण बाण सुटेपर्यंत तिरंदाजाच्या अंगावर असतो. क्रॉसबोमध्ये दोरी एकदा मागे अडकली की तो ताण यंत्रणा पेलते आणि हातांवर भार उरतो तो केवळ क्रॉसबोच्या स्वतःच्या वजनाचा. त्यामुळे १५० पौंड ओढीचा आणि २०० पौंड ओढीचा क्रॉसबो, बाकी सारे समान असेल तर, नेम धरताना सारखाच वाटतो. फरक पडतो तो ताणताना.

ताणण्याच्या दोरीला आकडे आणि कप्प्या असतात, त्यामुळे लागणारा जोर साधारण निम्मा होतो. तरीही १८० पौंडांसाठी सुमारे ९० पौंड उरतात, आणि ते पाय रिकिबीत, म्हणजे क्रॉसबोच्या पुढच्या टोकाच्या कड्यात, रोवून, वाकून, एका दमात वर खेचावे लागतात. शिवाय जोर निम्मा होतो तेव्हा हातांना जायचे अंतर दुप्पट होते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. उंच माणसाचे हात कमरेच्या थोडे वर येऊन काम संपते. उंची कमी असेल तर तेच हात छातीपर्यंत न्यावे लागतात, आणि त्या टप्प्यावर हातांत जोर सर्वांत कमी असतो. म्हणून तुमच्या बाबतीत मी दोरीचा विचार सोडून सरळ क्रँक घ्यायला सांगेन, शक्यतो दस्त्यातच, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागातच, बसवलेली. हँडल फिरवून ताणताना लागणारा जोर दहा-पंधरा पौंडांवर किंवा त्याहूनही खाली येतो. वेळ थोडा जास्त लागतो, पण शिकारीत पहिला बाणच महत्त्वाचा असल्याने ते खपते. वहिनींना तो एकट्याने ताणता आला नाही, तर तो दोघांचा राहणार नाही, तुमचाच होईल.

उत्तर २

मी स्वतः लहान बांध्याची आहे आणि आमच्या घरी एकच क्रॉसबो मी व माझे पती वापरतो, म्हणून तो अंगाला नीट बसण्याविषयी लिहिते. तुमच्या पत्नीला मान पुढे काढावी लागते याचे कारण बहुधा दस्त्याची लांबी आहे, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकापासून चापापर्यंतचे अंतर. दस्ता कमी-जास्त करता येणारा घ्या, आणि सर्वांत आखूड स्थितीत तो त्यांना बसतो की नाही, हे आधी पाहा. मोठ्या बांध्याचा माणूस थोड्या आखूड दस्त्याशी जुळवून घेतो; लहान बांध्याच्या माणसाला लांब दस्त्याशी जुळवून घेण्याचा मार्गच नसतो. थंडीतले जाड जॅकेट घालून तपासा, कारण खांद्यावरच्या कापडाच्या थरांनी हेच अंतर आणखी वाढते.

पुढचे टोक झुकते ते एकूण वजनापेक्षा तोलामुळे. वजनाचा मध्य मागच्या हाताच्या जितका जवळ, तितका क्रॉसबो हलका भासतो. पाती, म्हणजे धनुष्याचे वाकणारे दोन्ही हात, उलट्या दिशेने बसवलेल्या मॉडेलांत तो बऱ्यापैकी मागे येतो. दुकानात त्यांना न टेकता मिनिटभर नेम धरायला सांगा आणि तुम्ही बाजूने पाहा. त्या कमरेतून मागे झुकू लागल्या, तर भार खांद्यांना पेलवत नाही असे समजा. मचाणावर टेकण्यासाठी काठी वापरता येते, पण काठीच्या भरवशावर जड क्रॉसबो घेऊ नये.

पुढच्या हाताची जागा मी कधीही नजरेआड करत नाही. हात आखूड असले की अंगठा नकळत वर सरकतो आणि दोरीच्या वाटेत येतो. सुटलेली दोरी तो अंगठा निकामी करू शकते. बोटांना आडोसा देणारी रुंद कड असलेलेच मॉडेल निवडा.

उत्तर ३

वेगाचा मोह टाळावा. ४०० ग्रेनचा, म्हणजे सुमारे २६ ग्रॅमचा बाण सेकंदाला ३०० फूट वेगाने सुटला, तर त्यात जवळपास ८० फूट-पौंड ऊर्जा असते, आणि टोक धारदार व नेम योग्य असेल तर हरणासाठी ती पुरेशी आहे. मात्र काही ठिकाणी शिकारीच्या क्रॉसबोसाठी किमान ओढ ठरवून दिलेली असते, अनेकदा १२५ पौंड, आणि काही ठिकाणी क्रॉसबोने शिकारीलाच मनाई असते, त्यामुळे खरेदीपूर्वी तिथले नियम वाचावेत.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. दस्ता आणि तोल यांचा मी विचारच केला नव्हता. आता पत्नीच्या मापानेच पाहणार आहोत. एकच शंका उरते: स्कोप मी जुळवला तर तिचा बाण त्याच जागी लागेल का?

उत्तर १

बहुधा लागेल, पण गृहीत धरू नका. गाल टेकवण्याची जागा दोघांची वेगळी असते, म्हणून दोघांनीही आपापले बाण निशाणावर मारून पाहावेत. स्कोपच्या डोळ्याकडील कडे फिरवून रेषा स्पष्ट करण्याची सोय असते, ते प्रत्येकाने आपल्या नजरेप्रमाणे फिरवावे. दोरी प्रत्येक वेळी मध्यावर यायला हवी, नाहीतर बाण डावी-उजवीकडे जातो. यासाठी दोरी न ताणलेली असताना रेलच्या, म्हणजे बाण ठेवायच्या पट्टीच्या, दोन्ही कडांपाशी तिच्यावर मार्करने खूण करून ठेवावी.

दिवसाअखेर बाण सुटलाच नाही तर दोरी उतरवायची कशी, हेही वहिनींनी सुरुवातीलाच शिकून घ्यावे. काही क्रँकने दोरी हळूहळू पुढे सोडता येते. तशी सोय नसेल तर त्यासाठीचा बोथट बाण निशाणात सोडावा. बाण न लावता चाप कधीही ओढू नये, कारण बाणात जाणारी सगळी ऊर्जा मग पात्यांत आणि दोरीत उरते आणि पाती तडकतात.