बाहेरच्या सागवानी फळ्यांचा रंग पोपडे धरून सुटतोय, सल्ला हवा

करवीर_वाडा
नमस्कार मंडळी. शिवाजी पेठेतल्या जुन्या घराच्या वरच्या मजल्याला बाहेरून उभ्या सागवानी फळ्या आहेत. दोन वर्षांमागे प्रायमर आणि ऑईलपेंटचे दोन हात मारले होते. आता पश्चिमेकडचे पोपडे सुटतायत, पूर्वेची बाजू ठणठणीत. रंगारी म्हणतोय खरवडून परत तोच मारू. कुठला रंग टिकेल?

ब्रशवाला
रंगाचं शेवटी बघू. आधी एक मोठा पोपडा सोडवून उलटा करा, निम्मं निदान तिथंच होतं.

पाठीला जुन्या रंगाची भुकटी असेल किंवा खाली जुना चकचकीत थर तसाच दिसला, तर नव्यानं जुन्याला धरलंच नाही. पॉलिशपेपर न मारता वर हात मारला की हे होतं. खाली कोरं लाकूड दिसलं तर आतून पाणी येतंय, नाहीतर सागाच्या तेलानं प्रायमर धरू दिला नाही. आणि पाठीला करडे, लवेसारखे तंतू आले तर दोष रंगाचा नाहीच. उन्हानं लाकडाचा वरचा थर मेलेला असतो. रंग त्याला धरतो आणि त्याला घेऊनच सुटतो.

शाबूत दिसणाऱ्या भागावर ब्लेडनं फुली मारा, चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंग निघाला तर तोही भाग खरवडण्यात धरा.

कौलारू
पोपडे सुरू कुठं होतात, मधोमध की खालच्या टोकाला? आपल्याकडं पावसाची झड पश्चिमेकडून आणि दुपारनंतरचं ऊनही तिकडूनच, म्हणून ती बाजू आधी जाते. पण टोकाला सुरुवात असेल तर कारण वेगळं.

करवीर_वाडा
बघितलं. वर पाठीला करडे तंतू आहेत. खालच्या वीतभर भागात मात्र कोरं, काळपट लाकूड. टोकं सिमेंटच्या कट्ट्यावर टेकलीत.

कौलारू
मग खालची गोष्ट आधी. कापलेलं टोक फळीच्या अंगापेक्षा कितीतरी जास्त पाणी पितं. कट्ट्यावर साचलेलं पाणी वर चढतं, ऊन पडलं की बाहेर पडू बघतं आणि रंगाला मागून ढकलतं. टोकं इंचभर वर कापून घ्या, कट्ट्याला बाहेर उतार द्या, कापलेल्या टोकांना प्रायमरचे दोन हात पाजा. ती फट सिलिकॉननं बुजवू नका, आत गेलेल्या पाण्याला तीच वाट आहे. काळपट जागी स्क्रूड्रायव्हर टोचा; मऊ लागलं तर तेवढा तुकडा बदला. हे न करता कितीही महाग रंग मारला तरी पैसे पाण्यात.

ब्रशवाला
वरच्या भागाला ८० नंबरचा पेपर, करडा रंग जाऊन ताजं लाकूड दिसेपर्यंत. मग १२०. धूळ झाडून थिनरच्या फडक्यानं पुसा, वाळू द्या, शक्यतो त्याच दिवशी प्रायमर. ओलावा मीटरवर १५ टक्क्यांच्या आत हवा. भेगांना बाहेरच्या लाकडासाठीची लांबीच (भेगा बुजवायचा लगदा) भरा. भिंतीची पुट्टी लाकडाबरोबर हलत नाही, तडकून पडते.

आता रंग. ऑईलपेंट काही वर्षांत कडक होतो, लाकूड फुगलं-आकसलं की चिरतो. बाहेरच्या कामाचा पाण्यातला अ‍ॅक्रिलिक लवचिक राहतो; त्याचे दोन पातळ हात, उन्हाच्या मागोमाग सावलीत. लाकूड दिसायला हवं असेल तर मुरणारा स्टेन घ्या. त्याचा पापुद्रा होत नाही, त्यामुळे सुटत नाही, फक्त फिका पडतो आणि परत हात द्यावा लागतो. मात्र जुना रंग कणभर उरला तरी स्टेन तिथं मुरणार नाही.

पेठेतला_सुतार
एक महत्त्वाचं. घर जुनं, म्हणजे तळाच्या थरात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, खालचे थर त्याआधीचे असतील. कोरडं घासू नका, ज्योतीनं जाळू तर अजिबात नका. पाणी फवारून खरवडा, खाली प्लॅस्टिक अंथरा, धुळीचा साधा नव्हे तर एन-९५ मास्क लावा आणि लहान मुलांना तिथं फिरकू देऊ नका. ओलं घासलं की प्रायमरआधी फळ्या चांगल्या वाळू द्या, म्हणून काम दिवाळीनंतरच काढा.