देवरुखजवळ गावी घर बांधतोय: स्लॅब की कौलं? सल्ला हवा

महिन्यातून_एकदा
नमस्कार मंडळी. देवरुखपासून थोडं आत आमची साडेचार गुंठे जागा आहे. जुनं मातीचं घर दोन पावसाळ्यांपूर्वी बसलं. आता आईबाबांसाठी अकराशे चौरस फुटांचं बैठं घर बांधायचंय. आई ७३ वर्षांची, गुडघे धरलेले. मी डोंबिवलीला असतो, महिन्यातून एक फेरी जमते. बाबा म्हणतात कौलंच हवीत. ठेकेदार म्हणतो स्लॅब घाला, पुढेमागे वर मजला चढवता येईल. दोन कोटेशनं आलीत, चौरस फुटामागे साडेपाचशेचा फरक आहे. दसऱ्याला पाया घालायचाय. काय काय बघू?

पडवीतला_झोपाळा
सपाट स्लॅब घालू नका. आम्ही लांज्याला घातला. पहिला पावसाळा छान गेला, तिसऱ्याला माजघराच्या कोपऱ्यात ओल आली, चौथ्याला गच्चीवर पाइप उभे करून पत्रा चढवला. छपराचे पैसे दोनदा गेले. आमच्या वाडीत गच्चीवर पत्रा नसलेलं स्लॅबचं घर दाखवा, चहा माझ्याकडून.

घाटावरची_सून
आणि वानरांचं काय? आमच्या सासरी दर महिन्याला चार-पाच कौलं फुटतात. सासरे आहेत तोवर शिडी लावून बदलतात. घर बंद राहणार असेल तर कौलं घालून रडू नका.

आढं_आणि_वासे
(सिव्हिलवाला आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातच कामं केली.)

दोघींचंही बरोबर आहे, म्हणून मधला रस्ता सांगतो: उतरता स्लॅब आणि त्यावर कौलं. कौल फुटलं तरी पाणी घरात येत नाही आणि बाबांना हवं तसं घर दिसतं. खर्च जास्त येतो. उतरत्या स्लॅबचं सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) कटकटीचं, काँक्रीट खाली घसरतं, त्यामुळे हे काम आधी केलेलाच ठेकेदार हवा. बजेट ताणलं जात असेल तर लोखंडी पाइपांचा सांगाडा करून त्यावर कौलं घाला आणि शंभरेक कौलं जास्तीची आणून ठेवा. लाकडी वासे आता परवडत नाहीत, वर वाळवी.

वरच्या मजल्याचं मनातून काढा. आईंचे गुडघे आणि तुमची महिन्याची एक फेरी, चढणार कोण? त्या न होणाऱ्या मजल्यासाठी पायातलं फुटिंग आणि कॉलम मात्र आजच जाड होतात.

छपराइतकाच विचार झडीचा करा. कोकणातला पाऊस वरून कमी आणि पश्चिमेकडून आडवा जास्त येतो. चिरा, म्हणजे आपला जांभा दगड, पाणी पितो. पश्चिमेची भिंत उघडी ठेवलीत तर ऑगस्टमध्ये आतल्या प्लास्टरला पोपडे धरतात, मग कितीही महागाचा रंग लावा. जुनी माणसं त्या बाजूला पडवी काढून वर नारळाच्या झावळ्यांची झापं बांधायची ती हौस म्हणून नव्हे. पडवी पश्चिमेला घ्या, छपराच्या पागोळ्या भिंतीपासून निदान अडीच फूट लांब पडू द्या. दर्शनी बाजू रस्त्याकडे हवी म्हणून पडवी पूर्वेला घेणारे पुष्कळ भेटतात, पुढच्या वर्षी तेच ताडपत्री शोधत फिरतात.

चिरा खाणीवर जाऊन बघा. पांढरट मातीचे मोठे डाग असलेला घेऊ नका. घर बैठं आहे, नऊ इंची चिऱ्याच्या भिंतींवर भार घेता येतो, पण जोत्याला आणि दारं-खिडक्यांच्या वर लिंटेलला सलग काँक्रीटचा पट्टा हवाच. कोयना तुमच्यापासून लांब नाही, १९६७चा भूकंप आठवतोय ना बाबांना? विचारा. खाडीची वाळू कितीही स्वस्त मिळो, नको. मिठाने सळई आतून गंजते. धुतलेली क्रश सँड (दगड दळून केलेली वाळू) वापरा. जोत्यात भराव टाकून झाला की कोबा घालण्याआधी वाळवीचं औषध मारून घ्या. नंतर भोकं पाडून मारावं लागतं.

दसऱ्याचा मुहूर्त उत्तम, पण कारण पंचांगातलं नाही. विहिरीला पाणी फेब्रुवारी-मार्चपर्यंत असतं. एप्रिलमध्ये टँकर मागवून बांधकामावर पाणी मारायला कोणी तयार नसतं. स्लॅबला निदान दहा दिवस पाणी हवं. छप्पर मृगाच्या आधी पूर्ण हवं, नाहीतर चार महिने काम बंद.

कोटेशनमधला फरक बहुधा न लिहिलेल्या गोष्टींत असतो. शोषखड्डा, पाण्याची टाकी, खिडक्यांचे गज, जोत्याची उंची, विजेच्या पॉइंटची संख्या, हे दोघांकडूनही लिहून घ्या. पडवीचं क्षेत्र पूर्ण धरलंय की अर्धं, तेही विचारा. पैसे कामाच्या टप्प्याने द्या आणि शेवटचे दहा टक्के एक पावसाळा पाहून. ही अट ऐकल्यावर जो ठेकेदार फोन उचलायचा थांबतो, त्याचा नंबर खोडा.

घाटावरची_सून
शोषखड्डा विहिरीपासून साठ फूट तरी लांब ठेवा. जांभ्यातून पाणी सरसर झिरपतं. साडेचार गुंठ्यांत हे आधी कागदावर मांडा, मग घर कुठे बसतं ते बघा.

सातबारा_आधी
सातबारा कोणाच्या नावावर?

महिन्यातून_एकदा
बाबा आणि दोन काका. सामाईक आहे, पण तोंडी वाटप झालंय, कोणाची हरकत नाही.

सातबारा_आधी
आज नाही. तोंडी वाटपावर बँक कर्ज देत नाही, आणि काकांच्या पश्चात वाटेकरी वाढतात. सगळे राजी आहेत तोवर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज करा, मोजणी करून हद्दीचे दगड रोवून घ्या. दसरा हुकला तर हुकू दे.

तुळशीपाशी
आईंसाठी दोन गोष्टी. न्हाणीघराचं दार तीन फुटी करा, सव्वादोन-अडीचमध्ये वॉकर अडकतो आणि धरायला माणूस आत जाऊ शकत नाही. कमोडजवळ दांडा आत्ता नको असेल तरी तिथली भिंत भक्कम ठेवा. आणि जोतं उंच घ्याल तेव्हा मागच्या दाराला उतार काढा, आई दिवसातून दहा वेळा तिथूनच जा-ये करणार, पुढच्या पायऱ्या पाहुण्यांसाठी. जुलैत ओले कपडे कुठे वाळणार हे आराखडा काढणाऱ्याला विचारा. आमच्याकडे कोणी विचारलं नाही, देवघरासमोर दोऱ्या बांधल्यात.

महिन्यातून_एकदा
सगळ्यांचे आभार. काल बाबांना १९६७चं विचारलं, तासभर बोलत होते. मजला रद्द. मधल्या काकांना रविवारी भेटतोय, वाटपाचं आधी. आराखड्यात पडवी पश्चिमेला वळवली, सहा फूट रुंद धरलीय. पुरेल?

पडवीतला_झोपाळा
आठ करा. सहा फुटांत झोपाळा भिंतीला आपटतो.